पारदर्शक बेडूक घडवताना: प्रकल्प नोंदी

१८ जून

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाचा विषय ठरला: काचबेडूक. नववीच्या मुलामुलींनी आणखी दोन-तीन विषय सुचवले होते, पण या बेडकाचा पोटाकडून काढलेला फोटो पडद्यावर दाखवला आणि मग दुसऱ्या कशाचं नावच कुणी काढेना. पोटाच्या कातडीतून आतडी दिसतात, काही जातींमध्ये तर चालू असलेलं हृदयही दिसतं.

पाया म्हणून वहीत उतरवून घेतलं ते असं. सेंट्रोलेनिडी हे यांचं कुळ. १६०च्या आसपास जाती माहीत आहेत आणि सगळ्या अमेरिकेतल्या: दक्षिण मेक्सिकोपासून खाली बोलिव्हियापर्यंत, शिवाय आग्नेय ब्राझील आणि अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा. भारतात एकही नाही. बहुतेक जाती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या. विज्ञानाला यातली पहिली जात कळली ती १८७२ मध्ये, स्पॅनिश निसर्गतज्ज्ञ मार्कोस हिमेनेथ दे ला एस्पादा यांनी वर्णन केलेली सेंट्रोलेने गेकॉइडियम; ती नेमकी कुळातली सगळ्यात दांडगी निघाली.

एक अट मी आजच घातली. थर्माकोलचा बेडूक करून त्यावर टाचणीनं नावांच्या चिठ्ठ्या टोचायच्या, असलं काही करायचं नाही. पाहणाऱ्याच्या हातून काहीतरी घडलं पाहिजे.

२० जून

नेमकं काय दाखवायचं यावर आज दोन तास गेले. मला वाटतं, मुद्दा सापडला.

हा बेडूक पारदर्शक आहे कारण त्याच्या कातडीत रंग कमी आहे, एवढंच बहुतेक ठिकाणी सांगून सोडून देतात. पण कातडी आणि स्नायू कितीही स्वच्छ असले तरी अंगभर लाल रक्त फिरतंच. ते कसं लपवणार? त्याचं उत्तर २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. हायालिनोबॅट्रॅकियम फ्लाइशमनी या मध्य अमेरिकेतल्या जातीवर काम झालं होतं. हा बेडूक रात्री जागा असतो आणि दिवसा पानाला चिकटून झोपतो. झोपला की रक्तातल्या साधारण ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात गोळा होतात. बाकी अंगातून जवळजवळ निव्वळ रक्तद्रव वाहत राहतो आणि त्याची पारदर्शकता दोन ते तीन पट वाढते. जागा होऊन हालचाल सुरू केली की पेशी पुन्हा अंगभर पसरतात.

हे मोजलं कसं, तेही मुलांना सांगितलं. बेडूक जागा केला तर रक्त परत फिरणार, भूल दिली तरी रक्ताची जागा बदलते. म्हणून झोपलेल्या बेडकावर प्रकाशाचे स्पंद सोडले. तांबड्या पेशी तो प्रकाश शोषतात, किंचित तापतात, आणि त्यातून ध्वनिलहरी निघतात. त्या लहरी ऐकून पेशी कुठे आहेत त्याचा नकाशा काढला. ना सुई, ना रंगद्रव्य.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग तो गुदमरत नाही?" योग्य प्रश्न. प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशीच बाजूला काढून तो तासन्‌तास काढतो. आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे इतक्या पेशी एका जागी दाटीवाटीनं कोंबल्या तर आपल्या शरीरात गुठळी होईल. त्याला होत नाही, आणि रोज होत नाही. रक्ताच्या गुठळ्यांवर काम करणारे संशोधक एका बोटभर बेडकाकडे इतक्या गांभीर्यानं बघतात ते यामुळे.

तेव्हा ठरलं: पारदर्शक असणं ही या बेडकाची रोजची मेहनत आहे, आणि मांडणीतून तीच दिसली पाहिजे. बेडूक लाल असेल. बघणारा काहीतरी दाबेल. रक्त यकृतात जाईल. बेडूक दिसेनासा होईल.

२४ जून

प्रयोगशाळेत प्रकाशाचे दोन प्रयोग केले. प्रयोगशाळेतल्या काकांनी बोरोसिलची काचकांडी आणि ग्लिसरीन काढून दिलं. कांडी पाण्यात बुडवली की दिसते, ग्लिसरीनमध्ये बुडवली की तिचा बुडालेला भाग नाहीसा होतो. दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप, जवळजवळ सारखा, १.४७ च्या आसपास. त्यामुळे प्रकाश सीमेवर वळतही नाही आणि परतही फिरत नाही. कुठलीही वस्तू आरपार दिसायची तर तिच्या आतल्या घटकांचे अपवर्तनांक जुळलेले हवेत, ही गोष्ट मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्या कांडीनं पटली.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडला. टॉर्चवर हिरवा जिलेटिन कागद लावला आणि परीक्षानळीत लाल शाईचं पाणी घेतलं. साध्या उजेडात ते लाल. हिरव्या उजेडात धरलं तर काळं! आता हा बेडूक कुठे झोपतो ते बघा: हिरव्या पानावर, पुष्कळदा पानाच्या खालच्या बाजूला, जिथे वरचं ऊन पानातून गाळून हिरवं होऊन येतं. हिमोग्लोबिन नेमका हिरवा प्रकाश शोषतं. म्हणजे रक्त अंगात राहिलं असतं तर तो त्या पानावर काळपट डाग होऊन उठून दिसला असता. रक्त लपवण्याची गरज कुठून आली, हे त्या परीक्षानळीत दिसलं.

हा प्रयोग मांडणीच्या शेजारी जसाच्या तसा ठेवायचा.

३० जून

साहित्य ठरवलं. चायना ग्रासचा नमुना ढगाळ येतो. जिलेटिनचा स्वच्छ येतो पण दोन दिवसांत मऊ पडतो. सातपूर एमआयडीसीत साचे बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यात गेलो. तिथल्या मालकांनी पारदर्शक सिलिकॉनचा तुकडा हातात ठेवला. "ताई, हे पिवळं पडत नाही, वाकवा, दाबा, काही होत नाही. फक्त मिसळताना हवा शिरू देऊ नका, बुडबुडे राहिले तर गेलं काम." हवा काढायचा पंप त्यांच्याकडे आहे, ओतायचं काम तेच करून देणार आहेत. बेडूक वीतभर लांब, म्हणजे मूळ आकाराच्या आठ-दहा पट.

७ जुलै

साच्यासाठी मातीचा बेडूक चालू आहे. ज्या मुलीचा हात मातीत चांगला आहे तिच्याकडे पाय दिले आणि तिला नीट समजावलं की पाय पातळ का हवेत.

काचबेडूक वरून पाहिला तर पाठ हिरवीच दिसते. काचेसारखा आरपार तो नाहीच. मग अर्धवट पारदर्शकतेचा उपयोग काय, यावर २०२० मध्ये एक सुरेख अभ्यास झाला. पान बदललं की बेडकाच्या शरीराची उजळता थोडी बदलते, पायांची जास्त बदलते. झोपताना तो पाय अंगाला लावून घेतो. त्यामुळे हिरवं अंग आणि हिरवं पान यांच्यामध्ये पायांची एक मधली छटा येते आणि बेडकाची कडा पुसट होते. शिकारी पक्षी आकार ओळखतो तो कडेवरून. कडाच सापडली नाही तर बेडूकही सापडत नाही. संशोधकांनी इक्वादोरच्या जंगलात जिलेटिनचे बेडूक पानांवर ठेवून पाहिले, आणि अपारदर्शक बेडकांवर पक्ष्यांनी जास्त हल्ले केले.

म्हणून आमच्या बेडकाच्या पाठीत हिरवा रंग दाट, पायांत अगदी नावाला. मांड्या अंगाला टेकलेल्या.

११ जुलै

शाळेमागच्या हौदाच्या झाकणाला आतून झाडबेडकानं घरटं केलं आहे. शिपाईकाका सांगत आले तेव्हा मधली सुट्टी होती, त्यामुळे निम्मी शाळा तिथे गोळा झाली. मुठीएवढा पांढरा फेस, फेटलेल्या अंड्यासारखा. वरून हवेनं किंचित पिवळसर आणि कडक झालेला, खालून अजून ओला. जवळून पाहिलं तर फेसात फिकट दाणे दिसत होते. मादी अंडी घालताना सोडलेला द्रव मागच्या पायांनी घुसळते, त्याचा हा फेस. आत पिल्लं तयार झाली की फेस खालून विरघळतो आणि ती टपटप पाण्यात पडतात.

काचबेडूकही पाण्यावरच अंडी घालतात, पण फेसाशिवाय. ओढ्यावर झुकलेल्या पानावर पारदर्शक जेलीत अंडी चिकटवलेली असतात, आणि फुटली की पिल्लं थेट प्रवाहात. पाण्यातल्या माशांपासून अंडी वाचली, हा फायदा. तोटा असा की पानावर ती वाळू शकतात. शिवाय गांधीलमाश्या, नाकतोडे, साप टपलेले. फेस नाही म्हटल्यावर राखण करायला कुणीतरी हवं.

आणि इथे बापाची गोष्ट येते. हायालिनोबॅट्रॅकियम वंशात राखण नर करतो. फ्लाइशमनीचा नर रात्री अंड्यांवर पोट टेकवून बसतो आणि त्यांना ओलावा देतो. प्रयोगात नर काढून घेतले तेव्हा अंड्यातल्या पिल्लांनी वाट पाहिली नाही, ती लवकर फुटून पाण्यात पडली. बाप असेल तर ती जास्त दिवस आत राहतात आणि जास्त तयार होऊन बाहेर येतात. अंड्याच्या आतला जीव बाहेरची परिस्थिती जोखून केव्हा निघायचं ते बदलतो, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकल्पात रक्ताइतकीच थोर वाटते. हायालिनोबॅट्रॅकियम व्हॅलेरिओईचा नर तर दिवसासुद्धा अंड्यांशेजारून हलत नाही, आणि त्याच्या पाठीवरचे पिवळे ठिपके अंड्यांच्या पुंजक्याशी मिळतेजुळते आहेत.

आयाही मागे नाहीत. ज्या जातींत अंडी वाऱ्यावर सोडली जातात असं मानलं जायचं, त्यांतल्या पुष्कळ जातींच्या माद्या पहिल्या रात्री काही तास अंड्यांवर बसून राहतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तेवढ्या वेळात जेली पाणी पिऊन फुगते आणि मुंग्या-किड्यांना सहजी भेदता येत नाही.

आपल्या सह्याद्रीतला रातबेडूकही यात घ्यायचा. निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी महाराष्ट्रात सापडतो आणि ओढ्यावरच्या पानांवर अंडी घालतो. त्याचा काचबेडकांशी जवळचा काही संबंध नाही. तसाच ओढा, तसाच पाऊस, तीच अडचण, म्हणून तोच उपाय. यात नर मादीला कवटाळत नाही. तिच्या पाठीवर शुक्राणू सोडून बाजूला होतो आणि मग ती अंडी घालते. भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून ही पद्धत २०१६ मध्ये नोंदवली. नववीच्या वर्गात हे सांगताना कुणी फिदीफिदी करेल असं वाटलं होतं, पण सगळे गुंग होऊन ऐकत होते.

हौदाचं झाकण पंधरा दिवस कुणी उघडायचं नाही, अशी चिठ्ठी मुलांनीच लावली.

१९ जुलै

बेडूक सातपूरहून आला. बुडबुडे नाहीत! खिडकीपाशी धरला तेव्हा मागची कडुलिंबाची फांदी दिसत होती.

आजचं मुख्य काम रक्ताचं. सिलिकॉनमध्ये सिलिकॉनचीच बारीक नळी आधीच ओतून घेतली होती, पायांतून धडात आणि धडातून पोटात वळणं घेत जाणारी. अंग आणि नळी एकाच पदार्थाची, त्यामुळे नळीची भिंत दिसत नाही. पण नळीत पाणी भरलं की तिची पोकळी स्पष्ट दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, सिलिकॉनचा साधारण १.४१. मग पाण्यात ग्लिसरीन घालायला सुरुवात केली. एक मुलगी पिपेटनं घालतेय, दुसरा ढवळतोय, तिसरा सिरिंजनं नळीत भरून उजेडासमोर धरतोय. नळी हळूहळू पुसट होत गेली. ग्लिसरीन निम्म्याहून थोडं जास्त झालं आणि नळी गेली. कुठे आहे ते माहीत असूनही डोळ्यांना सापडेना. काचकांडीचा प्रयोग ज्यांना तेव्हा समजला नव्हता त्यांना आज समजला.

नळीच्या एका टोकाला ड्रॉपरचा रबरी फुगा, तेच यकृत. दुसऱ्या टोकाला सिरिंज. नळीत लाल रंगाचं मिश्रण, सिरिंजमध्ये बिनरंगी. दट्ट्या दाबला की बिनरंगी मिश्रण पायांतून शिरतं, लाल पुढे ढकललं जातं आणि फुग्यात जमा होतं. दट्ट्या ओढला की लाल परत अंगभर. नळीच्या वळणांत थोडी गुलाबी झाक मागे राहते, आणि ती तशीच ठेवली आहे. खऱ्या बेडकातही सगळ्या पेशी जात नाहीतच.

फुग्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. हाही देखावा नाही. काचबेडकाच्या यकृताभोवती प्रकाश परावर्तित करणाऱ्या स्फटिकांचं आवरण असतं, त्यामुळे आत साठलेलं रक्त बाहेरून दिसत नाही. हे स्फटिक ग्वानिनचे. मासळीच्या अंगावरची चंदेरी चमकही ग्वानिनचीच.

प्रयोगशाळेतल्या काकांनी पहिल्यांदा दट्ट्या दाबला. लाल रेषा पायांतून सरकत पोटात गेली आणि फुग्यात शिरली. "अरे," एवढंच म्हणाले आणि पुन्हा ओढला, पुन्हा दाबला.

२१ जुलै

काचबेडकाच्या पिल्लांची पाटी लिहून झाली. लांबट, बारीक डोळ्यांची, ओढ्याच्या तळाशी रेतीत आणि कुजलेल्या पानांत घुसून राहणारी. पुष्कळदा लालसर दिसतात, कारण आतलं रक्त दिसतं.

२८ जुलै

विविधतेचा तक्ता. इथे जागा कमी पडतेय, पण १६० नावं लिहिण्यात काही अर्थ नाही. तीन-चार जातीच घ्यायच्या, पण प्रत्येकीतून काहीतरी वेगळं कळेल अशा.

एस्पादाराना प्रोसोब्लेपॉन: हाडं हिरवी. नराच्या दंडावर हुकासारखं हाड, आणि जागेसाठी भांडताना दोन नर मागच्या पायांनी पानाला उलटे लटकून झुंजतात. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, म्हणजे तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारं द्रव्य. मुका मार लागल्यावर आपली कातडी काही दिवसांनी हिरवट दिसते तीही त्याच्यामुळेच. आपलं शरीर ते काढून टाकतं, पुष्कळ हिरवे बेडूक मात्र ते एका प्रथिनाला बांधून अंगात साठवतात.

साचातामिया ओरेखुएला: धबधब्यांपाशी राहते. पाण्याच्या गर्जनेत नुसता आवाज पोचणार नाही म्हणून नर आवाजाबरोबर हातपायही हलवून दाखवतो.

हायालिनोबॅट्रॅकियम याकू: इक्वादोरमधली, २०१७ मध्ये नाव मिळालेली. हृदय उघड दिसतं.

आणि हायालिनोबॅट्रॅकियम माशपी व नाउन्स ही जोडी, २०२२ मधली. दोघीही इक्वादोरच्या, दिसायला इतक्या सारख्या की फोटोवरून सांगता येत नाही. जनुकं आणि आवाज तपासल्यावर वेगळ्या ठरल्या. मध्ये ग्वायाबांबा नदीचं खोल खोरं आहे. मुलांना नकाशावर फक्त दोन ठिपके दिसत होते. मग ब्रह्मगिरीचं सांगितलं: या अंगाला पडलेला पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, त्या अंगाचा वैतरणेतून अरबी समुद्राला. ओढ्याला चिकटून राहणारा दोन सेंटिमीटरचा जीव असं खोरं ओलांडून जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या दोन बाजूंना वेगळे होत जातात. अँडीज पर्वतात अशी खोरी असंख्य आहेत. कोलंबिया आणि इक्वादोरमध्ये काचबेडकांच्या इतक्या जाती का, याचं बरंचसं उत्तर त्या उतारांमध्ये आहे.

एका मुलानं विचारलं की मग आपल्या घाटातही असे दिसायला सारखे पण वेगळे बेडूक असतील का. आहेत. सह्याद्रीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बेडकांच्या कितीतरी नव्या जातींची नोंद झाली, आणि त्यातल्या पुष्कळ अशाच जनुकं तपासून ओळखल्या गेल्या.

१३ ऑगस्ट

प्रदर्शन. दुपारी पाऊस असूनही पालकांची गर्दी होती. आमच्या टेबलाची वीज मध्येच गेली, तेव्हा मुलांनी मोबाइलच्या उजेडावर हिरवा कागद धरून काम चालू ठेवलं.

मी लांब उभी राहून ऐकत होते. समजावून सांगणारी मुलगी दर वेळी आधी विचारत होती, "हा बेडूक आत्ता जागा आहे की झोपलेला?" आणि उत्तर आलं की दट्ट्या बघणाऱ्याच्या हातात देत होती. हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. एका आजींनी दट्ट्या दाबून धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे याला लपायचं तर रोज एवढं करावं लागतं होय गं?" नेमकं हेच पोचावं म्हणून दोन महिने चालले होते.

१४ ऑगस्ट

काल किमान चार पालकांनी विचारलं, हे बेडूक कुठे विकत मिळतात, घरी पाळता येतील का. त्यामुळे एक पाटी वाढवायची आहे, आणि ती दट्ट्याच्या शेजारीच लावायची.

मजकुराचा मसुदा: पाळण्याच्या हौसेपायी काचबेडकांचा व्यापार वाढला, म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामा इथे झालेल्या साइट्स कराराच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत हे अख्खं कुळ परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, घेतलं गेलं. आता देशाबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो. जंगलतोड आणि कायट्रिड बुरशी ही संकटं त्याहून मोठी. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतूनच घेतो, त्यामुळे क्षारांचा तोल ढळून अखेर हृदय बंद पडतं. बोलिव्हियात निम्फार्गस बेहारानोई ही जात १८ वर्षं कुणालाच दिसली नव्हती. २०२० च्या जानेवारीत पुन्हा सापडली.

शेवटचं वाक्य मुलांना हवं होतं, "बेडूक वाचवा." मी म्हटलं, त्याऐवजी काय करायचं ते लिहा. त्यांनी लिहिलं: "पावसाळ्यात हौदाचं, टाकीचं झाकण उघडण्याआधी आत फेसाचं घरटं आहे का बघा. असेल तर पिल्लं खाली पडेपर्यंत थांबा." हे चांगलं आहे, तसंच राहू दे.

१८ ऑगस्ट

त्र्यंबक तालुक्यातल्या एका शाळेनं मांडणी महिनाभर मागितली आहे. सिरिंज आणि रबरी फुगा नवे बसवले, ग्लिसरीनच्या मिश्रणाच्या दोन बाटल्या सोबत दिल्या. बिनरंगी मिश्रण गुलाबी व्हायला लागलं की बदलायचं, हे झाकणावर लिहिलं आहे. तिथली मुलं आपल्या ओढ्यावरच्या बेडकांची पाटी स्वतः करणार आहेत: पानावर, दगडावर, फेसात, जिथे अंडी दिसतील तिथला फोटो आणि तारीख, अंड्यांना हात न लावता. पाऊस ओसरला की ही अंडी दिसायची नाहीत, म्हणून पहिले फोटो ऑगस्ट संपायच्या आत मागवले आहेत.